स्त्रिया, तंबाखू आणि हृद्रोग : मशेरीचा प्रश्न विचारलाच पाहिजे

हृदयविकाराचा झटका हा पुरुषांचा आजार आणि तंबाखू हे पुरुषांचे व्यसन, अशी समजूत समाजात रूढ आहे. रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेताना आपणही पुरुषास विडी-सिगारेटविषयी विचारतो. स्त्रीस मात्र हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

सन २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हक्सली व वुडवर्ड यांनी सुमारे २४ लाख व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. धूम्रपानाने हृदयरोगाचा धोका जितक्या पटीने वाढतो, ते प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळले. झटक्यांची एकूण संख्या पुरुषांतच जास्त असते. परंतु रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रीस लाभणारे नैसर्गिक संरक्षण तंबाखू हिरावून घेते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत रजोनिवृत्तीही एक-दोन वर्षे लवकर येते. पस्तिशीनंतर धूम्रपानासोबत संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेतल्यास धोका आणखी वाढतो.

आपल्या रत्नागिरीत स्त्रिया विडी ओढताना क्वचितच दिसतात, म्हणून हा विषय आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु सन २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १.४ टक्के स्त्रिया धूम्रपान करीत होत्या, तर १६.६ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरी ही त्यांपैकीच. दात घासण्याच्या निमित्ताने ती सुरू होते आणि दिवसातून अनेक वेळा लावली जाते. व्यसन म्हणून तिची गणना घरात कोणी करीत नाही. हिरड्यांवाटे शोषले जाणारे निकोटिन नाडीची गती व रक्तदाब वाढवते. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००६) तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

दुसरी अडचण निदानाची. स्त्रियांत छातीतील वेदनेसोबत, क्वचित तिच्यावाचूनही, दम लागणे, मळमळ, घाम, अतिथकवा, जबडा वा पाठ दुखणे ही लक्षणे दिसतात. ‘पित्त झाले’ असे सांगून रुग्णा औषधाच्या दुकानात येते आणि अम्लपित्ताची गोळी घेऊन घरी जाते. खेड्यापाड्यांतून जिल्हा रुग्णालय गाठण्यास लागणारा वेळ ध्यानात घेता हा विलंब जीवघेणा ठरतो. मशेरी लावणाऱ्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या स्त्रीची अशी तक्रार ईसीजी झाल्याविना अम्लपित्त मानू नये. औषधविक्रेत्यांनीही अशा वेळी गोळी देऊन परत न पाठवता तिला तत्काळ रुग्णालयात धाडावे.

चरकसंहितेतील धूमपान हे औषधी वर्तींचे आहे; त्याचा आधार तंबाखूस देता येत नाही. अहितकर सवय सोडविण्यासाठी त्याच संहितेत सांगितलेला पादांशिक क्रम मात्र उपयोगी आहे. मशेरीची मात्रा चतुर्थांशाने घटवीत न्यावी व दंतधावनासाठी तंबाखूविरहित दंतमंजन द्यावे. गरज भासल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी. धूम्रपान सोडल्यावर एका वर्षात हृदयरोगाचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, हेही सांगावे.

आपल्या रुग्णपत्रिकेत ‘मशेरी लावता का?’ हा एक रकाना वाढविण्यास खर्च नाही. तो आपण सर्वांनी आजपासूनच वाढवावा, ही विनंती.