बोटॉक्सचं इंजेक्शन पुढे पुढे का लागू पडत नाही?

(तालुका प्रतिनिधी)

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या गावात आता फक्त मंगल कार्यालय आणि पार्लर बुक होत नाही. 'स्किन क्लिनिक'च्या पाट्या वाढल्यात आणि त्या पाट्यांवर 'बोटॉक्स' हा शब्द ठळक अक्षरात असतो. काही वर्षांपूर्वी हा शब्द सिनेमातल्या नट-नट्यांपुरता होता. आता नवरीची आई विचारते, शाळेतल्या मॅडम विचारतात, पुण्याला नोकरीला असलेला पोरगाही विचारतो. ज्यांनी एकदा-दोनदा घेतलंय त्यांचा सवाल मात्र वेगळा असतो. पहिल्या वेळी कपाळ गुळगुळीत झालं, चांगले चार महिने टिकलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी दोन महिन्यांत आठ्या परत हजर. पैसे तेवढेच गेले. मग खोट औषधात आहे की आपल्या शरीरात?

खोट दोन्हीकडे असू शकते. कुठली कशी ओळखायची, ते समजण्यासाठी आधी हे औषध काय आहे ते बघू.

बोटॉक्स हे एका विषाचं औषधी रूप आहे. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जीवाणू मातीत राहतो, आपल्या रानातल्या मातीतही असू शकतो. हवा नसलेल्या जागी, म्हणजे नीट न उकळलेल्या बंद डब्यातल्या अन्नात वाढला की तो विष तयार करतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत सॉसेज खाऊन माणसं लुळी पडायची, मरायची. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने त्यावर बारकाईने लिहून ठेवलं. लॅटिन भाषेत सॉसेजला 'बोटुलस' म्हणतात, त्यावरूनच हे नाव आलं. (जाता जाता एक सांगतो. या जीवाणूचे बीजाणू मधात असू शकतात. मोठ्या माणसाला त्याचं काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या पोटात ते वाढू शकतात. वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवू नका असं डॉक्टर सांगतात ते याच कारणाने. आजीबाई रागावल्या तरी चालेल.)

या विषाचा अगदी सूक्ष्म डोस औषध म्हणून वापरायला सुरुवात झाली ती डोळ्यांच्या तिरळेपणासाठी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी ते काम केलं. १९८९ मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, त्याला परवानगी दिली. कॅनडातल्या डॉ. जीन कॅरदर्स पापण्या फडफडण्याच्या आजारावर हे इंजेक्शन द्यायच्या. भुवयांमधल्या आठ्याही त्याने जातात हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचे पती, त्वचेचे डॉक्टर अ‍ॅलिस्टर कॅरदर्स यांच्यासोबत त्यांनी ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. आठ्यांसाठी एफडीएची परवानगी मिळाली २००२ साली.

काम कसं करतं?

आठी पडते कारण कातड्याखालचा स्नायू आवळतो. स्नायू आवळतो कारण मेंदूचा हुकूम नसेतून येतो. नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये बारीक फट असते. नसेच्या टोकाला एका रसायनाच्या पिशव्या असतात. हुकूम आला की पिशवी फुटते, रसायन पलीकडे जातं आणि स्नायू आवळतो. बोटॉक्स नसेच्या टोकात शिरतं आणि पिशवी फोडणारं एक प्रथिन कापून टाकतं. लाईट आहे, मोटार धड आहे, पण स्टार्टरची वायर तुटली, तसं होतं. तीन-चार दिवसांत स्नायू सैल पडायला लागतो, पंधरा दिवसांत पूर्ण असर दिसतो.

नस मरत नाही. ऊस तोडल्यावर बुडख्यातून फुटवे यावेत तसे नसेच्या टोकाला बारीक फुटवे येतात आणि ते स्नायूला तात्पुरता हुकूम पोचवतात. पुढे मूळ टोक दुरुस्त झालं की फुटवे मागे हटतात. याला साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी आठी परत आली तर औषध 'फेल' गेलं असं नाही, त्याची मुदतच तेवढी आहे. पाच-सहा महिने टिकेल असं कुणी सांगितलं असेल तर ते विक्रीचं बोलणं समजा.

शरीर औषधाला ओळखायला लागतं तेव्हा

आता खऱ्या अर्थाने असर कमी होण्याकडे येऊ. कापूस लावणाऱ्यांना वाटेल, हे बोंडअळीसारखंच झालं. बीटी कपाशीतलं विषही मातीतल्या जीवाणूकडूनच आलेलं आणि गुलाबी बोंडअळीने ते पचवलं. पण तिथे अळी बदलली. इथे बदलतं ते आपलं शरीर. याला जवळचं उदाहरण गोठ्यातलं आहे. लाळ्या-खुरकुताची लस टोचली की जनावराच्या रक्तात त्या रोगाशी लढणारे शिपाई तयार होतात, म्हणजे अँटीबॉडी. ठराविक काळाने पुन्हा टोचलं की शिपाई वाढतात. तिथे आपल्याला तेच हवं असतं. बोटॉक्स हेसुद्धा बाहेरून आलेलं प्रथिन आहे. ते पुन्हा पुन्हा, जास्त प्रमाणात आणि कमी अंतराने टोचलं तर शरीर त्यालाही शत्रू धरू शकतं. मग अँटीबॉडी औषधाला नसेत शिरण्याआधीच गाठून निकामी करते. सुई टोचली, पैसे गेले, स्नायू मात्र ढिम्म हलत नाही असं नाही, उलट आधीसारखाच हलत राहतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते सौंदर्यासाठी घेणाऱ्यांमध्ये नव्हे, आजारी माणसांमध्ये. मान एका बाजूला ओढली जाऊन वाकडीच राहते असा एक आजार आहे, डॉक्टर त्याला सर्व्हायकल डिस्टोनिया म्हणतात. त्यात मानेचे मोठे स्नायू सैल करायचे असतात, म्हणून दोनशे-तीनशे युनिटपर्यंत डोस द्यावा लागतो. भुवयांमधल्या आठ्यांना लागतात २० युनिट. फरक लक्षात घ्या. अमेरिकेत १९७९ साली तयार केलेल्या एकाच लॉटचं औषध १९९७ पर्यंत वापरलं गेलं. त्याच्या १०० युनिटमागे सुमारे २५ नॅनोग्रॅम प्रथिन होतं. एवढं प्रथिन असरासाठी लागत नव्हतं, पण शरीराच्या नजरेत ते भरायचं. काही रुग्णांना सुरुवातीला उत्तम आराम पडला आणि नंतर औषध लागूच पडेना. नव्या लॉटमध्ये प्रथिन सुमारे ५ नॅनोग्रॅमवर आणलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त जुनं औषध घेतलेल्या ४२ रुग्णांपैकी ४ जणांत औषध निकामी करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या. फक्त नवं औषध घेतलेल्या ११९ जणांत एकातही नाही. औषध तेच, जादाचं प्रथिन कमी झालं एवढाच फरक. झिओमिन नावाचं दुसऱ्या कंपनीचं औषध तर सोबतची बाकीची प्रथिनं काढूनच विकलं जातं.

सुरकुत्यांसाठी लहान डोस घेणाऱ्यांमध्ये हा प्रकार फार कमी आढळतो, शंभरात एकाहूनही कमी. त्यामुळे 'तुमच्या शरीराला सवय झाली, आता डबल डोस घ्या' असं कुणी सरळ सांगत असेल तर सावध व्हा. अँटीबॉडी झालेलीच असेल तर डबल डोसने ती वाढायची शक्यता जास्त. पंधरा-वीस दिवसांनी थोडं 'टच-अप', मग महिन्याने पुन्हा थोडं, ही पद्धतही त्यासाठीच वाईट. दोन डोसांत किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात ते याच कारणाने.

मग बहुतेकांचं बिनसतं कुठे?

माझ्या मते आपल्या भागात शरीरापेक्षा बाटलीकडे आधी बघावं. फवारणीचं गणित शेतकऱ्याला सांगायला नको. औषध पंपात किती टाकलं त्यावर रिझल्ट असतो, पंप किती भरलाय त्यावर नाही. बोटॉक्स बाटलीत कोरड्या पावडरीच्या रूपात येतं, इतकं कमी की बाटली रिकामीच वाटते. त्यात सलाईन घालून ते पातळ करतात. किती घातलं हे रुग्णाला दिसत नाही. 'पाच सुया टोचल्या' याला काही अर्थ नाही, प्रत्येक सुईत किती युनिट गेले याला अर्थ आहे. पुन्हा प्रत्येक कंपनीचं युनिट वेगळं. भुवयांमधल्या आठ्यांना बोटॉक्सचे २० युनिट लागतात, तर डिस्पोर्टचे ५०. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर डोस निम्म्याहून कमी पडतो.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट किती वेळा जाते ते वाचकांना माहीत आहे. जिथे फ्रिजला इन्व्हर्टरच नाही तिथे मे महिन्यात बाटलीतल्या औषधाची ताकद किती उरली असेल? शिवाय एकदा सलाईन मिसळलं की ते २४ तासांत वापरावं असं बोटॉक्सच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. १०० युनिटच्या बाटलीतले २० एका बाईला दिले तर ८० उरतात. पुढचं गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी आलं, तर ते ८० कुठे जातात, हे विचारायला लाजू नका.

तिसरं म्हणजे बनावट माल. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने इशारा दिला होता. ११ राज्यांतल्या २२ जणींना बनावट किंवा चुकीच्या पद्धतीने दिलेल्या इंजेक्शनने त्रास झाला आणि त्यातल्या निम्म्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. घरी किंवा स्पामध्ये, परवाना नसलेल्यांकडून ही इंजेक्शनं घेतलेली होती. एवढ्या कडक कायद्याच्या देशात हे होतं. टोचून घेतल्यावर गिळायला जड जाणं, बोलणं अडखळणं, एकाची दोन दिसणं, धाप लागणं असं काही झालं तर क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट मोठा दवाखाना गाठा.

औषध खरं, डोस बरोबर, तरी असर कमी वाटतो अशीही माणसं आहेत. स्नायू आवळल्यामुळे पडणारी आठी या औषधाने जाते. चेहरा स्वस्थ असतानाही जी रेघ दिसते, ती कातड्यातच कोरलेली असते. ती फार तर फिकी होते. उन्हाने आणि वयाने कातडं सैल पडतं, त्याला या इंजेक्शनचा उपयोग नाही. आपली माणसं जन्मभर उन्हात. चाळिशीत घेतलेल्या इंजेक्शनचा रिझल्ट पन्नाशीत तसाच कसा मिळेल? एक जागा बंद केली की शेजारचे स्नायूही जादा काम करायला लागतात. भुवया हलत नाहीत म्हणून माणूस नाक आक्रसतो आणि नाकाच्या दोन्ही अंगाला नव्या रेघा पडतात.

नजरेचाही खेळ आहे. पहिल्या वेळी आधीचा आणि नंतरचा फरक मोठा दिसतो. दुसऱ्या वेळी आधीचा असर थोडा शिल्लक असतानाच सुई घेतली, तर फरक थोडाच वाटणार. जुना फोटो काढून बघा. खरं तर नियमित घेणाऱ्या बऱ्याच जणांचा अनुभव उलटा असतो. न वापरलेला स्नायू बारीक होत जातो आणि दोन डोसांतलं अंतर वाढवता येतं.

हा प्रश्न फक्त चेहऱ्याचा नाही

हेच औषध पॅरालिसिसनंतर आखडलेल्या हाताला देतात. जन्मतः मेंदूला इजा झालेल्या, टाचा टेकवून चालू न शकणाऱ्या लेकरांच्या पोटऱ्यांना देतात. जुन्या अर्धशिशीला, लघवी न थांबण्याच्या त्रासालाही देतात. कपाळासाठी दर महिन्याला सुया घेऊन शरीरात अँटीबॉडी तयार झाली, तर उद्या घरात पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा हा उपाय त्या माणसासाठी बंद झालेला असू शकतो. बी प्रकारचं दुसरं विष वापरता येतं, पण सुरकुत्यांवर त्याचा असर कमी दिवस टिकतो. काही वर्षं पूर्ण थांबल्यावर अँटीबॉडी कमी झाल्याचं दिसलं आहे, पण आजारी माणूस वर्षं कुठून आणणार?

शंका असेल तर शोधायची साधी रीत आहे. डॉक्टर कपाळाच्या एकाच बाजूला थोडा डोस देतात आणि पंधरा दिवसांनी भुवया उंच करायला सांगतात. ज्या बाजूला दिलं ती सपाट आणि दुसरीकडे आठ्या, तर औषध लागू पडतंय. मग आधीच्या वेळी डोस, जागा किंवा बाटली यातलं काहीतरी चुकलं होतं. दोन्हीकडे सारख्याच आठ्या पडल्या आणि बाटली खात्रीची होती, तरच अँटीबॉडीचा संशय धरायचा. ही तपासणी त्वचेच्या किंवा मेंदू-नसांच्या नोंदणीकृत डॉक्टरकडेच करा, पार्लरमध्ये नाही. आणि दर वेळी कागदावर चार गोष्टी लिहून मागा: औषधाचं नाव, बाटलीचा बॅच नंबर, किती युनिट दिले आणि तारीख. बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा.