कोको कुठवर पोहोचतो?

कोकोचं झाड फुलतं ते खोडावर. सालीतून थेट नखाएवढी, फिकट फुलं फुटतात आणि त्यांचं परागीभवन प्रामुख्यानं डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिलटं करतात. बहुतेक फुलं फळ न धरताच गळतात. जी टिकतात त्यांची तळहातापेक्षा मोठी, जाड सालीची फळं होतात. आत पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया. ही बी ताजी चावून पाहिली तर कडू-तुरट लागते, चॉकलेटचा वास तिला नसतोच. तो वास तयार व्हायला बिया गरासकट ढीग करून केळीच्या पानांखाली झाकाव्या लागतात. यीस्ट आणि जिवाणू पाच-सहा दिवस त्यात राबतात, ढीग आतून 45 ते 50 अंशांपर्यंत तापतो. मग वाळवणं, मग भाजणं. दक्षिण इक्वाडोरमधल्या एका वस्तीत सापडलेल्या भांड्यांवरून दिसतं, की माणसाची आणि कोकोची ओळख सुमारे 5300 वर्षांची आहे.

ओळख इतकी जुनी, तसे दावेही जुने. 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेससोबत मेक्सिकोत उतरलेल्या बर्नाल दियास या सैनिकानं म्हातारपणी लिहून ठेवलं, की सम्राट मोक्तेसुमासाठी सोन्याच्या पेल्यांतून फेसाळ कोको येई आणि स्त्रीसंगासाठी तो घेतात असं सांगत. त्यानं ते ऐकीव म्हणूनच नोंदवलं होतं. पुढच्या पिढ्यांनी ऐकीवपणा गाळला आणि बाकीचं ठेवलं. आज गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शिबिरांत कोकोचे सोहळे भरतात, तिथेही ताण जातो, मन उघडतं, जवळीक वाढते असं सांगितलं जातं.

यात खरं किती, हे शोधायचा एक फार सुंदर रस्ता आहे: कोकोतलं एकेक द्रव्य घ्यायचं आणि ते आपल्या शरीरात कुठवर पोहोचतं ते पाहायचं. बीमध्ये एखादं द्रव्य सापडलं म्हणजे काम झालं असं नाही. जीभ, आतडं, यकृत, रक्त आणि शेवटी मेंदू, अशा प्रत्येक टप्प्यावर अडवणूक आहे.

सगळ्यात प्रसिद्ध द्रव्य आहे फेनिलइथिलअमाइन. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ मायकेल लिबोवित्झ यांनी 1983 च्या पुस्तकात प्रेमात पडण्याच्या धुंदीशी त्याचं नातं जोडलं आणि ते चॉकलेटमध्येही असतं म्हटल्यावर ‘प्रेमाचं रसायन’ घरोघरी पोहोचलं. पण खाल्लेलं फेनिलइथिलअमाइन मेंदूपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाची विकरं आतड्यात आणि यकृतात त्याला गाठून मोडतात. (ही विकरं रोखणारी नैराश्यावरची काही औषधं आहेत. ती घेणाऱ्यांनी चॉकलेटच्या प्रमाणाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.) दुसरं द्रव्य अ‍ॅनंडामाइड. गांजातला घटक मेंदूतल्या ज्या कुलपांना लागतो, त्याच कुलपांसाठी आपला मेंदू स्वतः हे द्रव्य घडवतो. 1996 मध्ये ते चॉकलेटमध्येही सापडलं आणि मोठी खळबळ उडाली. पण त्याचं प्रमाण इतकं नगण्य, की त्यानं कुणाचं मन हलणं शक्य नाही.

मग जीव चॉकलेटसाठी का तळमळतो? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विला मिचनर आणि पॉल रोझिन यांनी 1994 मध्ये केलेला प्रयोग मला या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. ज्यांना चॉकलेटची तल्लफ येते अशा लोकांना त्यांनी तल्लफ आली की कधी मिल्क चॉकलेट, कधी पांढरं चॉकलेट, कधी कोको भरलेल्या कॅप्सूल, कधी नुसत्या खोट्या कॅप्सूल घ्यायला सांगितलं. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं लोणी असतं, पण तपकिरी भाग, म्हणजे जवळजवळ सगळी औषधी द्रव्यं, नसतो. कॅप्सूलमध्ये नेमकं उलटं: द्रव्यं सगळी, चव काहीच नाही. तल्लफ उत्तम भागवली मिल्क चॉकलेटनं, पांढऱ्यानं अर्धीमुर्धी, आणि कोकोच्या कॅप्सूलनं? खोट्या कॅप्सूलइतकीच, म्हणजे नाहीच. पांढऱ्या चॉकलेटच्या जोडीला कॅप्सूल दिल्या तरी भर पडली नाही.

म्हणजे तल्लफेचं उत्तर तोंडातच मिळतं. आणि तोंडात जे घडतं ते खरोखर अद्भुत आहे. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं आणि उन्हात ठेवलं की सुटतं, तसंच कोकोच्या लोण्याचं, फक्त त्याचा वितळायचा बिंदू आपल्या शरीराच्या तापमानाच्या जेमतेम खाली आहे, 34 अंशांच्या आसपास. बोटांत कडक, जिभेवर द्रव. या लोण्याचे स्फटिक सहा प्रकारे रचले जाऊ शकतात. त्यातला पाचवा प्रकार जमला तरच तो कडकपणा, ती चकाकी येते. वितळताना ते जिभेची उष्णता ओढून घेतं, किंचित गार वाटतं, आणि अडकलेले शेकडो सुगंधी रेणू घशामागून नाकात चढतात. जर्मनीत मिखाएल माख्ट यांनी उदास प्रसंग दाखवून लोकांचं मन खाली नेलं आणि मग चॉकलेट दिलं. आवडणाऱ्या चॉकलेटनं मन लगेच वर आलं, न आवडणाऱ्यानं नाही, आणि हा उभार काही मिनिटांतच ओसरला. अशा काही मिनिटांना मी क्षुल्लक म्हणणार नाही. वाईट दिवसात तेवढीही उसंत मोलाची असते. पण त्याला नैराश्यावरचा इलाज समजणं मात्र धोक्याचं आहे.

तोंडाच्या पलीकडेही कोको जातो. थिओब्रोमिन हा कॅफिनचा सौम्य भाऊबंद रक्तात उतरतो आणि कित्येक तास राहतो. थोड्या कॅफिनसोबत तो तरतरी देतो, हे मोजलं गेलंय. आणि मग येतात फ्लॅव्हनॉल नावाची कोकोतली द्रव्यं, त्यातही एपिकॅटेचिन. बर्न विद्यापीठात पेट्रा विर्त्झ आणि सहकाऱ्यांनी 65 निरोगी पुरुषांपैकी काहींना 50 ग्रॅम डार्क चॉकलेट दिलं, बाकीच्यांना तसंच दिसणारं पण फ्लॅव्हनॉल नसलेलं. दोन तासांनी सगळ्यांना परीक्षकांपुढे उभं केलं: नोकरीची मुलाखत द्या, मग मोठ्यानं वजाबाक्या करा. ज्यांनी खरं चॉकलेट खाल्लं होतं त्यांच्या शरीरात कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिन ही ताणाची संप्रेरकं कमी उसळली. रक्तात एपिकॅटेचिन जितकं जास्त, तितकी ही उसळी कमी. गंमत अशी, की मेंदूकडून सुटणारा हुकूम, म्हणजे पियुषिका ग्रंथीचं एसीटीएच, दोन्ही गटांत सारखंच होतं. धोक्याची घंटा तशीच वाजली. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी तिला उत्तर मात्र हळू दिलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या एकाच प्रयोगावर इमला बांधू नये, तरी ताणाची गोष्ट मेंदूबाहेर, कंबरेच्या वर कुठेतरी लिहिली जावी हे मला विलक्षण वाटतं.

जवळिकीचा प्रश्न याच द्रव्यापाशी येतो. एपिकॅटेचिनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि वाहिन्या सैलावतात. लैंगिक उत्तेजनेत रक्त भरतं तेही याच रेणूच्या इशाऱ्यावर. व्हायग्रासारखी गोळी त्याच साखळीची पुढची कडी लांबवते. त्यामुळे मोह होतो. पण कोकोचा हा परिणाम मोजलाय तो बहुधा दंडाच्या धमनीत, आणि तिथून शेजघरापर्यंतचं अंतर मोठं आहे. मिलानमध्ये आन्द्रेआ सालोनिया यांच्या गटानं 2006 मध्ये 163 स्त्रियांना त्यांच्या लैंगिक आयुष्याबद्दल विचारलं. रोज चॉकलेट खाणाऱ्यांचे गुण जास्त आले. मग त्यांनी वय हिशेबात धरलं आणि फरक मावळला: चॉकलेट जास्त खाणाऱ्या स्त्रिया मुळात तरुण होत्या.

शिवाय आपण ‘कॅडबरी’ म्हणून जे खातो त्यात साखर आणि दूधच बहुतांश. अल्कली लावून सौम्य केलेल्या कोको पावडरीत फ्लॅव्हनॉल बरेच गेलेले असतात.

तरीही प्रवास आतड्यापाशी संपत नाही, हे गेल्या काही वर्षांत दिसू लागलंय. जे फ्लॅव्हनॉल लहान आतड्यात शोषले जात नाहीत ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतात. ते त्यांना कापून व्हॅलेरोलॅक्टोन नावाची नवी द्रव्यं बनवतात आणि ती रक्तात येतात. सोलमध्ये निरोगी तरुणांना तीन आठवडे रोज 30 ग्रॅम चॉकलेट दिलं: 85 टक्के कोकोच्या गटात नकारात्मक भावना कमी झाल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली, 70 टक्क्यांच्या गटात तसं दिसलं नाही. गट लहान होते. पण प्रत्येकाच्या पोटातली जिवाणूंची वस्ती वेगळी असते. एकाच वडीचे दोन तुकडे दोघांनी वाटून खाल्ले, तरी दोघांच्या रक्तात कोको सारखाच पोहोचेल असं नाही.