पगार वाढला, खिडकी गेली

साताऱ्यात बावीस हजार, मुंबईत पस्तीस. नोकरीचे पत्र हाती आले की घरोघरी अशी बेरीज-वजाबाकी सुरू होते. भाडे, डिपॉझिट, लोकलचा पास. मग तोडगा निघतो : गोवंडी-मानखुर्दकडे सहा जणांत एक खोली. भाडे वाटले जाते, आणि हवाही.

क्षयाचे जंतू खोकल्यातून उडतात आणि कोंदट खोलीत काही तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, ऊन लागले तर मरतात. खोली पाहताना पाणी किती वाजता येते हे सगळेच विचारतात. खिडकी कुठे उघडते, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. हातभर अंतरावर समोरची भिंत असेल, तर ती खिडकी नावालाच. संसर्ग झालेला प्रत्येक जण आजारी पडत नाही, हे खरे. पण मधुमेह्याने हा धोका गृहीत धरलाच पाहिजे.

बदलापूरला उजेडाची खोली मिळेल. मात्र प्रवासात झोप जाईल. कोंदट खोलीच घ्यावी लागली, तर दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्या सोबत्याला थुंकी तपासायला पाठवावे. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत असतात.