तांडेलाच्या हाती अभयारण्य

आमचं नाते गाव रायगडाच्या वाटेवरचं. महाडला सावित्रीच्या पात्रात मगरी बघतच आम्ही मोठे झालो. मगर काठावर ऊन खात पडते, पुलावर उभं राहून तिला हवा तेवढा वेळ न्याहाळता येतं. समुद्रातल्या जनावराचं तसं नाही. ते श्वासापुरतं वर येतं आणि तेवढ्यात दिसलं तर दिसलं. ते बघण्याचं कसब कोणाकडे असतं, हे मला मालवणच्या होडीत कळलं.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३.१८. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालची खडपं या गाभ्यात येतात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं ते याच खडपांच्या भरवशावर. पाण्याखालचे खडक ठाऊक नसलेलं गलबत इथे फुटायचंच. आज त्याच खडकांवर पोवळी वाढतात, सरगॅसमची तपकिरी झुडपं डोलतात. या जंगलाला ना कुंपण, ना फाटक.

आमचा तांडेल सुकाणूवर बसून सारखा लांब बघत होता. आम्ही डॉल्फिन कुठे, डॉल्फिन कुठे म्हणून उठबस करू लागलो, तसा म्हणाला, "माशाक शोधू नकात, पाण्याक बघा." सकाळचा मतलई वारा असला की पाणी सपाट राहतं, त्यावर जरा वेगळी लाट उमटली तरी नजरेत भरते. कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालून खाली झेपावू लागले, की तिथे लहान मासळीचा थवा वर आलेला असतो आणि थव्याखाली खाणारं कोणीतरी असतंच. तशी जागा दिसताच त्याने इंजिनचा वेग उतरवला, थोडं अंतर ठेवून होडी थव्याच्या बाजूला नेली आणि इंजिन बंदच केलं. मग ऐकू आला तो श्वास: फूस्स. डोळ्यांआधी कानांनी पकडलेला. करड्या पाठीचं कुबड वर आलं, त्यावरचा छोटा पर दिसला आणि सगळं पुन्हा पाण्यात गेलं. हे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातले. फारशा उड्या न मारता ते संथपणे येतात, जातात. आमच्या होडीपासून थोड्याच अंतरावर एक मोठा आणि त्याला चिकटून एक लहान, असे दोघे बराच वेळ वरखाली होत राहिले.

तेवढ्यात दुसरी होडी इंजिन गरजवत थेट त्यांच्या वाटेत घुसली. जोडी बुडाली ती पुन्हा वर आलीच नाही. डॉल्फिन आवाजाच्या आधाराने मासळी शोधतो, पिल्लाला हाक देतो. त्याच्या डोक्यावर इंजिन घुमवणं म्हणजे त्याचं ऐकणंच हिरावून घेणं. मला याचा संताप आला, आजही येतो.

देवमासा आम्हाला दिसला नाही आणि किनाऱ्यालगत तो सहसा दिसतही नाही. सिंधुदुर्गाच्या समुद्रात ब्राइडच्या देवमाशाच्या नोंदी आहेत. हा ध्रुवांकडे न जाता उबदार पाण्यातच राहणारा. तोंडात दात नसतात, गाळणीसारख्या पट्ट्या असतात. तारलीसारख्या मासळीचा थवाच्या थवा पाण्यासकट घ्यायचा आणि पाणी गाळून टाकायचं, अशी त्याची रीत. डोक्यावर लांबीच्या दिशेने तीन कंगोरे, ही त्याची खूण. बुडताना तो सहसा शेपूट वर काढत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला फवारा, मग लांबलचक पाठ, मग कोयत्याच्या आकाराचा पर, एवढंच मिळतं.

आपल्याकडे बहुतेकांची देवमाशाशी गाठ पडते ती तो किनाऱ्याला लागल्यावर. आमच्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याला, जून २०१५ मध्ये ४२ फुटांचा निळा देवमासा आला आणि तिथेच मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला वाळूत रुतलेल्या पिल्लासाठी माणसांनी रात्रीचा दिवस केला, त्याला ओढून खोल समुद्रात सोडलं. तरीही ते वाचलं नाही.

परतताना किल्ल्याजवळ पाण्यात उतरायचं होतं. तांडेलाने नांगर टाकण्याआधी दोनदा होडी फिरवली, खाली वाळू आहे याची खात्री केली, मगच दोर सोडला. पोवळ्याचा गोटा वर्षाला सेंटिमीटरभर वाढला तरी पुष्कळ. नांगराचा एक घाव त्याची कित्येक वर्षं फोडून टाकतो. मुखवट्याच्या काचेतून पाहिलं तर हिरवट तपकिरी घुमटांवर बारीक बारीक खळगे आणि प्रत्येक खळग्यात एकेक जीव. पट्टेरी मासे माझ्या बोटांजवळून बिनधास्त गेले.

अभयारण्य झालं तेव्हापासून इथल्या मच्छीमारांना पोटावर पाय येण्याची भीती आहे आणि ती खोटी म्हणता येणार नाही. म्हणून २०१८ च्या डिसेंबरमध्ये राज्याने सुरू केलेली योजना मला मोलाची वाटते. जाळ्यात कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे फोटो काढावे लागतात. भर समुद्रात, डुलत्या होडीत, एका हाताने सुरी चालवत हे करायचं असतं, आणि कोकणातले मच्छीमार ते करतात.