हप्त्यामागे धावणारं भाडं

माझं माहेर सांगली आणि सासर सातारा. १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचं सरकारी नावच ‘दक्षिण सातारा’ होतं. आमच्या घरात अजूनही दोन्ही गावांचे हिशेब एकाच वहीत लिहिले जातात. त्या वहीत २००४ पासून काही पानं भाड्यानं दिलेल्या फ्लॅटची आहेत. भाचीला साताऱ्यात गुंतवणुकीसाठी फ्लॅट घ्यायचा आहे, म्हणून गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर ती पानं पुन्हा वाचली. वीस वर्षांत मी काय समजून काय केलं, ते तेव्हा सलग दिसलं.

आधी वाड्याबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या पिढीची भीती तिथून आली. शुक्रवार पेठेतल्या सासरच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं होती. तिघांचं मिळून येणारं भाडं घरपट्टीलाही पुरत नसे. कौलं फुटली की सासूबाई स्वतःच्या पैशांनी शाकारून घेत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं होतं, आणि महायुद्धाच्या काळातल्या टंचाईसाठी घातलेला तो बांध पन्नास वर्षं तसाच राहिला. त्यामुळे गावात ज्याच्याकडे जादा खोली असे तो ती कुलूप लावून ठेवी. ‘उंदीर राहिले तरी चालतील, भाडेकरू नको,’ असं सासूबाई म्हणत. त्यात भाडेकरूंचा राग नव्हता. तिन्ही घरांतल्या बाळंतपणांना त्याच धावल्या होत्या. पण घर दिलं की गेलं, हे त्यांनी धरून चाललेलं होतं.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं भाडं असं गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही असं सांगितलं, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येऊ लागलं. आमच्यासारख्यांना मात्र त्यातलं कलम २४ महत्त्वाचं होतं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट भरपाई, आणि दाद मागायला दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकारी. कुलपं उघडली ती या कलमामुळे, असं माझं मत आहे. त्याच कायद्याचं कलम ५५ लोक अजूनही वाचत नाहीत. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं पाडायचं काम मालकाचं. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही हा समज इतर राज्यांतून आलेला आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही करार नोंदवावाच लागतो. आम्ही पहिली तीन वर्षं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही करून निर्धास्त होतो. काही वाईट घडलं नाही, ते केवळ भाडेकरू चांगले मिळाले म्हणून.

२००४ साली विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावरचा एक बीएचके फ्लॅट साडेपाच लाखांना मिळत होता. विलिंग्डन कॉलेज १९१९ पासूनचं, वालचंद १९४७ पासूनचं. विद्यार्थी येतच राहणार, हा आमचा सगळा अभ्यास. गृहकर्जाचे दर आठ टक्क्यांच्या खाली आले होते. नव्वदच्या दशकात पंधरा टक्के पाहिलेल्या माणसांना ते फुकटच वाटत होतं. चार लाख कर्ज, पंधरा वर्षं, पावणेआठ टक्के, तोही बदलता दर. हप्ता ३,७६५. भाडं ठरलं २,२००. ‘भाड्यानं हप्ता फिटेल’ असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो, आणि पहिल्याच महिन्यात दीड हजार पगारातून घातले. त्यात मेंटेनन्स, घरपट्टी आणि मे-जूनमध्ये रिकामा राहिलेला फ्लॅट धरलेलाच नव्हता.

मग दर चढू लागले. २००८ मध्ये आमचा दर साडेअकरावर गेला. हप्ता तेवढाच राहिला म्हणून आम्ही गाफील होतो. बँकेनं मुदत वाढवली होती. विवरण हातात आलं तेव्हा कळलं की ३,७६५ मधले सुमारे सव्वातीन हजार व्याजातच जातायत, आणि अकरा वर्षं उरलेलं कर्ज आता अठरा वर्षांवर गेलंय. त्या रात्री हे आणि मी वहीसमोर बराच वेळ बसलो. भाडं वाढवायला जागा नव्हती. शेवटी कुटुंबाला द्यायचं सोडून कॉट बेसिसवर चार मुलांना दिला, माणशी ९००. हप्ता जवळजवळ निघू लागला. नळ, रंग आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी मात्र वाढल्या. दिवाळीचा बोनस आणि माझ्या दोन बांगड्या मुद्दलात घातल्या, तेव्हा कुठे मुदत पुन्हा खाली आली.

याच काळात दोन्ही गावांनी आपापली बँक गमावली. युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यात उभी केलेली. २ सप्टेंबर २००६ ला तिच्यावर निर्बंध आले, आणि महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ सालची सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. सात-आठ महिन्यांत दोन्ही पाट्या उतरल्या. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते नुसतं गावाच्या अभिमानापोटी नाही. गावच्या बँकेत कर्ज मागणाऱ्याचं घराणं, दुकान, शेत माहीत असलेलं माणूस समोर बसलेलं असे. ते ‘एवढं घेऊ नका, झेपणार नाही’ असंही सांगे. आता सिबिलचा आकडा बघतात, आणि आकडा चांगला असला की जास्तीत जास्त किती मिळेल तेच सांगतात. ओळखीपाळखीच्या कर्जांनी बुडालेल्या संस्थाही याच भागात कमी नाहीत, हे मान्य आहे. कराड जनता बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. ठेवींचा विमा त्याच वर्षी फेब्रुवारीत एक लाखाचा पाच लाख झाला होता, म्हणून पुष्कळ लहान ठेवीदार वाचले. घरासाठी साठवलेली रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नकोस, हे मी भाचीला तेवढ्यासाठीच सांगते.

माझा मामेभाऊ बँकेची पायरीच चढला नाही. त्यानं सांगलीच्या कडेला एक गुंठा घेतला, म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे तुकडे पाडून नोटरीच्या कागदावर विकलेली ती जागा. सातबारावर नाव लागत नव्हतं, एनए नव्हतं, म्हणून गृहकर्जही नव्हतं. भिशीचे पैसे, सोनेतारण आणि पतसंस्थेचं कर्ज, एवढ्यावर त्यानं तीन खोल्या चढवल्या आणि कुपवाड एमआयडीसीतल्या कामगारांना दिल्या. आकड्यांत बघितलं तर त्याचं भाडं माझ्यापेक्षा किती तरी चांगलं पडलं, कारण जागाच स्वस्त होती. अशी बांधकामं नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ मध्ये आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. तोवर मुलीच्या लग्नात ते घर ना विकता आलं, ना तारण ठेवता आलं.

आणि मग पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. मारुती चौक, दत्तनगर, शामरावनगर, सांगलीवाडी पाण्यात होतं. मामेभावाच्या खोल्या छतापर्यंत बुडाल्या. भाडेकरू अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. त्यातलं एक कुटुंब आमच्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवस राहिलं. सुट्टीला गेलेल्या मुलांना मी फोन करून विचारलं, त्यांनी आपल्या गाद्याही वापरायला सांगितल्या. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला, वायरिंग बदलायला, प्लास्टर करायला पैसे लागले, आणि पाच महिने भाडं नाही. पतसंस्थेचा हप्ता चालूच होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० फुटांच्या वर पाणी आलं. आता सांगलीत भाड्याचं घर बघायला आलेलं माणूस आधी ‘एकोणीसला पाणी कुठवर होतं?’ असं विचारतं. घर घेणाऱ्यानं तर हे विचारायलाच हवं, आणि निळी-लाल पूररेषा महापालिकेच्या नकाशावर स्वतः बघायला हवी. आमच्या कर्जाच्या फायलीत सर्च रिपोर्ट होता, व्हॅल्युएशन होतं. नदीबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही दुसरा मजला घेतला तो वाऱ्यासाठी.

मधल्या वर्षांत नियम बरेच बदलले. महारेरा मे २०१७ पासून. त्याच वर्षीपासून भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा करायला दोन लाखांची मर्यादा, आणि नव्या करप्रणालीत तर तो वजाच होत नाही. कोविडच्या वर्षी मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची कपात, २०२१ पासून बाईच्या नावावरच्या खरेदीला १ टक्का सवलत. या शेवटच्या गोष्टीचा मला मनापासून आनंद आहे. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही तिच्यातली अट २०२३ मध्ये निघाली, तेही बरंच झालं.

भाचीचा फ्लॅट पंचवीस लाखांचा आहे. साताऱ्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, भाडं नऊ हजार येईल असा तिचा अंदाज. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के देता येतात, म्हणून बँक साडेबावीस लाख द्यायला तयार आहे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेएकोणीस हजारांवर जातो. मी तिला हिशेब उलटा मांडायला सांगितला. नऊ हजार भाड्यात किती कर्जाचा हप्ता बसतो? दहा लाखांचा, ८,६७८. आणि वर्षातले दोन महिने फ्लॅट रिकामा धरला तर साडेआठ लाखांच्याच आसपास.

‘मावशी, म्हणजे सोळा लाख माझे हवेत,’ ती म्हणाली. तिच्याकडे सात आहेत. तिनं इसार दिलेला नव्हता. एजंटला फोन करून तिनं दोन वर्षं थांबते म्हणून सांगितलं, आणि माझ्या वहीतलं एक कोरं पान मागून घेतलं.