विद्युत सुरक्षा परीक्षक (वैद्यकीय उपकरणे)

विद्युत सुरक्षा परीक्षक हे रुग्णालयातील विजेवर चालणाऱ्या उपकरणांची अर्थिंग, विद्युतरोधन आणि गळती प्रवाह तपासणारे मापनयंत्र आहे. ईसीजी यंत्र, मॉनिटर, सिरिंज पंप, डायलिसिस यंत्र इत्यादी उपकरणे विभागातच तपासता यावीत म्हणून त्याचा सहज उचलून नेता येणारा (पोर्टेबल) प्रकार प्रचलित आहे. नवे उपकरण वापरात आणताना, दुरुस्तीनंतर आणि ठरावीक कालावधीने ही तपासणी केली जाते.

पार्श्वभूमी

निरोगी माणसाला त्वचेवाटे जाणारा सुमारे १ मिलिॲम्पिअर प्रवाह जाणवू लागतो. कोरड्या त्वचेचा रोध त्याचे बऱ्याच अंशी रक्षण करतो. हृदयापर्यंत कॅथेटर किंवा तात्पुरत्या पेसमेकरची तार गेलेल्या रुग्णाला हे संरक्षण उरत नाही. अशा वेळी १०० मायक्रोॲम्पिअरच्या आसपासचा प्रवाहही हृदयाची लय घातक रीतीने बिघडवू शकतो. यास मायक्रोशॉक म्हणतात. इतका प्रवाह उपकरण हाताळणाऱ्या परिचारिकेला जाणवतही नाही, त्यामुळे तो मोजूनच शोधावा लागतो.

अमेरिकेत राल्फ नेडर यांनी मार्च १९७१ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’मधील लेखात रुग्णालयांत दरवर्षी १,२०० रुग्ण विजेच्या धक्क्याने दगावतात, असा दावा केला. या आकड्याला ठोस आधार मिळाला नाही. मात्र तेथील रुग्णालयांत नियमित विद्युत तपासणीला त्यामुळे चालना मिळाली.

मानके आणि मर्यादा

आयईसी ६०६०१-१ हे मानक प्रामुख्याने उत्पादकांसाठी आहे. भारतीय मानक आयएस १३४५० (भाग १) त्यावरच आधारित आहे. वापरातील उपकरणांच्या तपासणीसाठी २००७ मध्ये आयईसी ६२३५३ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले. रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या भागांचे बी, बीएफ आणि सीएफ असे प्रकार आहेत. थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या सीएफ भागावर चौकटीतील हृदयाचे चिन्ह असते. आयईसी ६०६०१-१ नुसार बी आणि बीएफ भागांतून रुग्णाकडे जाणारा गळती प्रवाह सामान्य स्थितीत १०० व एकच दोष असताना ५०० मायक्रोॲम्पिअरपेक्षा अधिक नसावा. सीएफ भागासाठी हेच आकडे १० आणि ५० आहेत.

परीक्षकाची निवड

निवडीचा खरा निकष या सर्वांत लहान आकड्याशी निगडित आहे. माहितीपत्रकात अचूकता बहुधा वाचनाच्या टक्केवारीत आणि त्यासोबत एका स्थिर त्रुटीच्या रूपात दिलेली असते. मोठ्या प्रवाहासाठी ही स्थिर त्रुटी नगण्य असते, पण १० मायक्रोॲम्पिअरच्या मर्यादेजवळ २ किंवा ३ मायक्रोॲम्पिअरच्या फरकाने सदोष उपकरणही उत्तीर्ण ठरू शकते. साधा मल्टीमीटर येथे उपयोगी नाही. मानकातील मापनमंडलात मानवी शरीराऐवजी १ किलोओहमचा रोध व उच्च वारंवारतेचा प्रभाव कमी करणारी जोडणी असते, ती मल्टीमीटरमध्ये नसते.

आयईसी ६२३५३ मध्ये गळती मोजण्याच्या तीन पद्धती आहेत. पर्यायी पद्धतीत उपकरण प्रत्यक्ष चालू केले जात नाही. त्यामुळे ती सुरक्षित असली, तरी रिले किंवा इलेक्ट्रॉनिक स्विचच्या पलीकडील भाग तपासायचा राहून जातो. विभेदक पद्धत लहान प्रवाहांसाठी कमी संवेदनशील आहे. प्रत्यक्ष पद्धत अचूक असते, पण तपासले जाणारे उपकरण दुसऱ्या मार्गाने, उदाहरणार्थ नळजोडणी किंवा डेटा केबलमधून, जमिनीशी जोडलेले असल्यास काही प्रवाह तिकडे वळतो आणि वाचन फसवे कमी येते. डायलिसिस यंत्रांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे लागते.

अर्थिंगचा रोध आयईसी ६०६०१-१ नुसार २५ ॲम्पिअरने तपासला जातो, तर आयईसी ६२३५३ ला किमान २०० मिलिॲम्पिअर चालतात. लहान प्रवाहाचे परीक्षक हलके असतात आणि बॅटरीवरही ही चाचणी करू शकतात. जेथे एक तंत्रज्ञ अनेक मजले फिरतो, तेथे हे वजन महत्त्वाचे ठरते.

भारतात २३० व्होल्टचा पुरवठा आणि ६ व १६ ॲम्पिअरचे तीन पिनांचे प्लग आहेत. परीक्षकावर युरोपीय सॉकेट असल्यास ॲडॉप्टर लागतो. उपकरण व सुट्या वायरसाठी मिळून मर्यादा अगदी कमी असल्याने ॲडॉप्टरचा ढिला संपर्कही निकाल बिघडवतो. भिंतीवरील सॉकेटची अर्थिंग तुटलेली किंवा फेज-न्यूट्रल उलटे असल्यास ते चाचणीआधीच दाखवणारा परीक्षक अधिक श्रेयस्कर. बारा लीडच्या ईसीजी यंत्राला दहा इलेक्ट्रोड असतात, म्हणून तेवढी टर्मिनले असल्यास जोडणी बदलत बसावी लागत नाही.

वापरातील दक्षता

परीक्षक मुद्दाम अर्थ किंवा न्यूट्रल तोडून दोषस्थिती निर्माण करतो, तर काही चाचण्यांत रुग्णभागावर मुख्य पुरवठ्याचा दाब दिला जातो. त्यामुळे रुग्ण जोडलेला असताना चाचणी करता येत नाही आणि चाचणीदरम्यान उपकरणाला कोणी हात लावायचा नसतो. परीक्षकाचेही कॅलिब्रेशन करावे लागते. भारतात त्यासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत. खरेदीच्या वेळी हे काम देशात होते की यंत्र परदेशी पाठवावे लागते, याची चौकशी करणे इष्ट असते, कारण यंत्र बाहेर असेपर्यंत तपासण्या खोळंबतात.