पुढचा पाटा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाडी भरताना पाहिली की ट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर काय बेततं ते कळतं. क्रेन पोलादी पत्र्याची कॉईल उचलते आणि हौद्यात सोडते. कॉईल जागा घेते जेमतेम चार-पाच फूट, वजन मात्र सहज दहा टन. कांद्याच्या गोण्या किंवा कापसाच्या गाठी हौदाभर पसरतात, त्यामुळे त्यांचा भार आपोआप वाटला जातो. कॉईल जिथे बसली तिथेच तिचा सगळा भार. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये पाच मीटर अंतर धरलं, तर दहा टनांची कॉईल अर्धा मीटर पुढे सरकली की पुढच्या अ‍ॅक्सलवर अख्खा एक टन वाढतो. अर्धा मीटर म्हणजे दोन वितींहून थोडं जास्त. हौद्याच्या कडेला उभा राहून क्रेनवाल्याला हाताने "अजून पुढे, अजून" असं खुणावणारा क्लीनर त्या क्षणी पुढच्या पाट्यांचं आयुष्य ठरवत असतो.

पाटा म्हणजे ट्रकच्या अ‍ॅक्सलवर बसवलेली पोलादी पट्ट्यांची कमान. एकावर एक रचलेल्या, वरून खाली आखूड होत गेलेल्या पट्ट्या, मधोमध सेंटर बोल्टने आवळलेल्या आणि दोन यू बोल्टांनी अ‍ॅक्सलला जखडलेल्या. सगळ्यात वरचा तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल वळ्या असतात, त्यांत बुश आणि पिन बसतात. एक टोक चासीच्या ब्रॅकेटमध्ये पक्कं, दुसरं झुलत्या शॅकलला. भार आला की कमान सपाट होते, लांब होते, आणि ती वाढलेली लांबी शॅकल सामावून घेतो. रचना जुनी आहे. ओबाडाया इलियट या इंग्रज कारागिराने घोडागाडीसाठी कमानीच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं ते 1804 मध्ये. आपल्याकडच्या टांग्याखाली हेच पाटे होते आणि आज महामार्गावर धावणाऱ्या बहुतेक मालट्रकांच्या पुढे हेच आहेत. एवढी वर्षं टिकण्याचं कारण साधं आहे: पाटा नुसता भार पेलत नाही, तो अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. ब्रेक मारला की चाकाची ओढ पाट्यातूनच चासीपर्यंत पोचते. म्हणून मागचा एखादा आखूड पाटा तुटला तर गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत येते, पण पुढचा मेन पाटा वळीपाशी तुटला तर अ‍ॅक्सल एका बाजूने मोकळा होतो आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. या भीतीपोटीच दोन नंबरच्या पाट्याची टोकं मेन पाट्याच्या वळीभोवती अर्धवट गुंडाळलेली असतात. वरचा गेला तर खालच्याने धरून ठेवावं.

गाडीमालक पाटेवाल्याकडे येतो तेव्हा त्याचं मागणं बहुधा ठरलेलं असतं: "पुढे गाडी बसते, एकेक पाटा वाढवा." कळंबोली, वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, जिथे जिथे ट्रक थांबतात तिथे हे काम चालतं. चांगला मिस्त्री पाटा वाढवायच्या आधी विचारतो की माल कुठला आणि तो ठेवता कुठे. केबिनच्या मागे छोटी क्रेन बसवली आहे का? बंपरवर जाडजूड लोखंडी गार्ड लावलं आहे का? कॉईल, ग्रॅनाईटच्या लाद्या की सळई? उसाची गाडी असेल तर प्रश्नच उलटा होतो. ऊस मागे हौद्याबाहेर लोंबतो, त्यामुळे पुढचा अ‍ॅक्सल उलट हलका होतो आणि चाकांची रस्त्यावरची पकड सुटते. तिथे पुढे पाटा वाढवून काडीचा उपयोग नाही. मला या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य हे विचारणंच वाटतं, आणि त्याची मजुरी कोणी वेगळी देत नाही.

पाटा वाढवणं हे दिसायला सोपं गणित आहे. एकसारख्या जाडीचे दहा पाटे असतील आणि त्यात तसाच एक टाकला, तर कमानीचा ताठपणा साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. घोटाळा होतो तो जाडीत. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 10 मिलिमीटरच्या जागी 12 मिलिमीटरचा पाटा टाकला की तो एकटा पाटा पाऊणपट जास्त ताठ होतो. मालक खूश होतो. पण सगळे पाटे एकत्र आवळलेले असल्यामुळे त्यांना वाकायचं तेवढंच असतं, आणि तेवढंच वाकताना जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो, 12 मिलिमीटरच्या पाट्यावर 20 टक्क्यांनी जास्त. त्यामुळे पातळ पाट्यांच्या जुडीत घातलेला एकच जाडजूड पाटा सगळ्यांत आधी तुटतो. "एवढा जाड टाकला तरी तुटला" ही तक्रार पाटेवाल्यांकडे नेहमीची आहे. तो जाड होता म्हणूनच तुटला, हे समजावून सांगणं मात्र अवघड जातं.

दुसरी बारीक गोष्ट फटीची. सुटे केलेले पाटे एकमेकांवर ठेवून पाहिले तर ते नीट बसत नाहीत, मधे फट राहते, कारण खालच्या आखूड पाट्याला वरच्यापेक्षा जास्त कमान दिलेली असते. सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते आणि मेन पाट्यावर भार येण्याआधीच उलट्या दिशेचा थोडा ताण बसतो. त्यामुळे प्रत्यक्ष भाराखाली त्याच्यावरचा एकूण ताण कमी राहतो. नवा वाढवलेला पाटा या हिशेबात बसला नाही, त्याची कमान कमी पडली, तर तो जुडीत नुसता बसून राहतो आणि भार घेत नाही. जास्त झाली तर सगळा भार तो आपल्यावर ओढतो.

कमान देण्याचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. मिस्त्री पाटा खोलगट बाजू वर करून दोन आधारांवर ठेवतो आणि मधल्या रिकाम्या जागेवर घण मारतो. एक घाव, पाटा बोटभर सरकवायचा, पुन्हा घाव. घावांचा आवाज एका लयीत असतो. एखादा जास्त जोराचा बसला तर तिथे पाट्याला कमान न येता कोपरा येतो, आणि तो कोपरा पुढे कधी ना कधी चिरतो. अधूनमधून पाटा उचलून जमिनीवर खडूने काढलेल्या वळणावर ठेवून पाहतो. वळण जुळलं की तो पाटा बाजूला, पुढचा हातात. घणाचं तोंड गुळगुळीत घासलेलं असतं, कारण भाराखाली सगळ्यात जास्त ताण याच खोलगट बाजूवर येतो आणि छिन्नीचा एखादा ओरखडाही तिथे भेगेची सुरुवात ठरू शकतो. कारखान्यात याच बाजूवर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात. छऱ्यांनी वरचा थर दाबला जातो आणि भेगेला तोंड फुटायला वेळ लागतो.

थंड पाट्याला घणाने चढवलेली कमान लवकर उतरते, हे प्रामाणिक मिस्त्री स्वतःच सांगतो. त्यामागे कारण आहे. घण पाट्याला ज्या दिशेने वाकवतो, त्याच्या नेमका उलट भार रोज त्याच्यावर येतो. कारखान्यात शेवटी बरोबर उलटं करतात: तयार पाटा प्रेसखाली कामाच्या भारापेक्षा जास्त दाबून एकदा बसवून घेतात, म्हणजे रस्त्यावर तो आणखी बसत नाही. थंड पाट्याला घण मारण्याहून वाईट म्हणजे गॅसच्या ज्योतीने पाटा लाल करून वाकवणं. हे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोमियम-व्हॅनेडियमचं असतं. साधारण 850 ते 900 अंशांना तापवून तेलात विझवलेलं आणि मग कमी आचेवर पुन्हा तापवून चिवट केलेलं. त्याचं सगळं बळ त्या पाणी देण्यात आहे. लाल करून हवेत गार होऊ दिलं की ते बळ गेलं. दिसायला कमान सुरेख, पण दोन-चार भरलेल्या फेऱ्यांत गाडी पुन्हा खाली. मालक दोष पोलादाला देतो.

आता पाट्याखाली काय आहे ते पाहायला हवं. पुढच्या अ‍ॅक्सलवर रस्त्यापासून चासीपर्यंत एक साखळी आहे: टायर, चाकाचं बेअरिंग, किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन), अ‍ॅक्सलचा दांडा, पाटा, ब्रॅकेट. वाढवलेला पाटा यातली एकच कडी भक्कम करतो. टायरचंच घ्या. 10.00 आर 20 मापाच्या अनेक ट्रक टायरांच्या भिंतीवर 146/143 असे भाराचे संकेतांक असतात. पहिला आकडा एकट्या टायरसाठी, म्हणजे 3000 किलो. दुसरा मागच्या जोडीतल्या टायरसाठी, 2725 किलो. पुढे दोनच टायर, दोघांचे मिळून 6 टन. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलच्या मर्यादा वाढवल्या. पुढच्या दोनचाकी अ‍ॅक्सलला 6 ऐवजी 7 टन, मागच्या चारचाकी अ‍ॅक्सलला 10.2 ऐवजी 11.5 टन आणि सहाचाकी गाडीचं एकूण वजन 16.2 वरून 18.5 टन. पुढे 7 टन घ्यायचे तर एकेका टायरने साडेतीन टन पेलायला हवेत, म्हणजे भिंतीवर निदान 152 हा आकडा हवा. पाटा वाढवून टायर तेच ठेवणाऱ्या गाडीत कमान बसत नाही, ती दिमाखात उभी राहते, आणि आता कमजोर जागा टायर आहे याचा कोणालाही पत्ता लागत नाही. पूर्वी गाडी बसली की निदान दिसायचं.

बेअरिंग आणि किंगपिनचंही तसंच. कंपनी जड मॉडेलला पुढे जाड पाटे देते तेव्हा अ‍ॅक्सलचा दांडा, हब, ब्रेक सगळंच मोठं देते. दोन पुढचे अ‍ॅक्सल असलेल्या, चारही पुढची चाकं वळणाऱ्या गाड्या निघाल्या त्याचंही कारण हेच: एका मर्यादेनंतर पाटा वाढवत बसण्यापेक्षा अ‍ॅक्सल वाढवणं शहाणपणाचं.

मग स्टेअरिंगची भूमिती. किंगपिन उभा नसतो, वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो, त्यामुळेच वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होतात. पुढचे पाटे बसले की हा झुकाव कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही भटकायला लागते. पाटे जास्त चढवले की झुकाव वाढतो, स्टेअरिंग जड होतं. दोन अ‍ॅक्सलमध्ये पाच मीटर अंतर असलेल्या गाडीत पुढची बाजू 87 मिलिमीटर उचलली की झुकाव एक अंशाने बदलतो. अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून तो दुरुस्त करता येतो, पण पाचर घालण्याआधी मोजावं लागतं. कमान बदलली की स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्रॅग लिंकचा, मार्गही बदलतो. खड्ड्यात चाक गेलं की ड्रायव्हरने हात न लावता स्टेअरिंग फिरतं ते त्यामुळे.

या सगळ्याची परीक्षा घाटात होते. कॉईल घेऊन पुण्याहून मुंबईकडे उतरणारी गाडी बोरघाटात ब्रेकवर असते. 18.5 टनांची गाडी, वजनाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर, दोन अ‍ॅक्सलमध्ये पाच मीटरचं अंतर आणि बऱ्यापैकी जोराचा ब्रेक, म्हणजे गुरुत्वाच्या तीन दशांशाइतका. एवढ्याने मागच्या अ‍ॅक्सलवरचा दीड टनाहून जास्त भार पुढे येतो. सपाटीवर 7 टन दाखवणारा अ‍ॅक्सल त्या क्षणी साडेआठ टन पेलत असतो, आणि उताराची भर वेगळीच. वजनकाटा सपाट जागेवर असतो, म्हणून काट्यावर मर्यादेत बसलेली गाडी घाटातही मर्यादेत आहे असं समजू नये. मिस्त्री पुढच्या पाट्यात थोडी सवड ठेवायला सांगतो ती या साडेआठ टनांसाठी. मालक ती सवड काट्यावरच भरून टाकतो.

हा भार ज्याच्या अंगावर येतो त्याचा विचार या व्यवहारात सगळ्यात कमी होतो. इंजिनावर केबिन असलेल्या गाडीत ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या अ‍ॅक्सलवरच बसतो. भाराखाली पाटा दहा सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा हेलकावते. शरीराला ते सोसतं. पाटे वाढवून तेच दबणं पाच सेंटिमीटरवर आणलं की हेलकावे सव्वादोनवर जातात. परतीला गाडी रिकामी असते तेव्हा दबणं त्याहून कमी, हेलकावे त्याहून जलद. माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांना सगळ्यात जास्त कुरकुरतो, आणि अति ताठ पाट्याची रिकामी गाडी त्याच दिशेने सरकत जाते. पाटा वाढवताना शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) तेच ठेवले तर उसळी आवरायला कोणी उरत नाही. नव्या पॅराबोलिक पाट्यांचा फायदा इथे आहे. दोन-तीनच पाटे, मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले, एकमेकांना फक्त मध्याशी आणि टोकांशी टेकणारे, त्यामुळे घर्षण कमी आणि चाल मऊ. तरीही काही मालक ते काढून जुने बहुपाटी बसवून घेतात, कारण आडगावात पॅराबोलिक तुटला तर जोडीला दुसरा मिळत नाही. त्यांची अडचण खरी आहे, पण पाठ ड्रायव्हरची आहे.

कायदाही पाट्यापेक्षा कागद पाहतो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत आणि पाटे कितीही वाढवले तरी नोंदणी पुस्तकातलं वजन वाढत नाही. जादा मालाला 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. म्हणजे पाटा वाढवण्याचं खरं, कायदेशीर कारण एकच उरतं: मान्य असलेलाच भार, पण पुढच्या बाजूला कायमचा जास्त झुकलेला. केबिनमागच्या क्रेनचा, कॉईलचा, रोजच्या घाटाचा.

असं काम करून घ्यायचं असेल तर दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच बदलावेत, एकाच बाजूचा बदलला की गाडी कायम एका अंगाला ओढते. सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवेच टाकावेत, कारण एकदा ताणून बसलेला यू बोल्ट दुसऱ्यांदा तेवढा आवळत नाही आणि यू बोल्ट ढिले पडून सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. गाडी मग खेकड्यासारखी तिरकी धावते आणि पुढची टायरं एका कडेने झिजतात. पाट्यांमध्ये ग्रॅफाईटचं ग्रीस भरावं, अलाइनमेंट भरलेल्या गाडीवर तपासावं आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला गाडी परत आणावी. परत येणाऱ्या गाड्या थोड्या असतात. ज्या येतात त्यांच्या नटाला पाना लावला की तो हमखास थोडा तरी फिरतो, कारण नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसलेले असतात आणि मधली बारीक जागा मिटलेली असते.